माझ्यासमक्ष

कंत्राटी कामगारांच्या पगारपत्रकाच्या शेवटच्या पानावर, बेरजेच्या खाली, एक शिक्का असतो. जांभळी शाई, कडेला जरा फाकलेली. मजकूर साधारण असा: 'अमुक रकान्यात दाखवलेली रक्कम संबंधित कामगारास माझ्यासमक्ष अदा करण्यात आली.' खाली सही, तारीख, हुद्दा. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानं ही व्यवस्था आणली. पगार ठेकेदारानं वाटायचा, पण मूळ मालकाचा, म्हणजे ज्याच्या कारखान्यात काम चालतं त्याचा, एक माणूस तिथे हजर राहणार आणि दिलेल्या रकमेची साक्ष देणार. कायदा करणाऱ्यांचा ठेकेदारावर भरवसा नव्हता, म्हणून त्यांनी शेजारी साक्षीदार उभा केला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि तो जुना कायदा त्यांत विरून गेला. ठेकेदारानं पगार बुडवला तर मूळ मालकानं भरायचा, हे मात्र तसंच राहिलं. शिक्के तर काय, शाई संपेपर्यंत चालतात.

चाकण, वाळूज, अंबड, बुटीबोरी, कुठलीही एमआयडीसी घ्या. हा साक्षीदार म्हणजे बहुतेक वेळा टाइम ऑफिसमधला क्लार्क, नाहीतर एचआरला नुकताच लागलेला मुलगा. पगार आता बँकेत जातो, त्यामुळे त्याच्यासमक्ष काहीच घडत नाही. ठेकेदाराचा माणूस बँकेच्या यादीची झेरॉक्स आणतो, हा शिक्का मारतो. अडतीस नावं, अडतीस आकडे, एक सही, आणि चहा यायच्या आत काम उरकतं.

सहकाऱ्यावर अन्याय होत असेल तर आपण काय करावं, हा प्रश्न लांबून फार उंच दिसतो. उभं राहावं की मान खाली घालावी, असा. कारखान्यात तो या रूपात जवळजवळ कधीच येत नाही. तो येतो 'हा रकाना एवढा भरून टाक' असा. फसवणूक आपोआप होत नाही, ती कुणाच्या तरी मस्टरमधून, एक्सेल शीटमधून, गेटपासमधून जाते. त्यामुळे 'आपण आपलं बघत होतो' असं म्हणायची सोय खरं तर फार थोड्यांना आहे.

सगळ्यांत नेहमीची युक्ती भागाकाराची. समजा, त्या उद्योगातला किमान दर दिवसाला ५२० रुपये आहे. ठेकेदार प्रत्यक्षात देतो ३८०. कामगार महिन्याचे २६ दिवस भरतो, त्याचे होतात ९,८८०. आता ३८० हा आकडा कागदावर आला तर पहिल्या तपासणीत पकडला जाईल. म्हणून कागदावर दर ५२० ठेवायचा आणि दिवस १९ करायचे. ५२० गुणिले १९, बरोबर ९,८८०. बँकेत तेवढेच गेले, कामगाराला तेवढेच मिळाले, ऑडिटरला दर पूर्ण दिसला. सगळ्यांची बेरीज जुळली. कामगाराचे हक्काचे १३,५२० व्हायला हवे होते, त्यातले ३,६४० दर महिन्याला हवेत विरले. पीएफही ९,८८० वरच कापला गेला, म्हणजे १२ टक्क्यांच्या हिशोबानं त्याच्या नावावर दोन्ही बाजूंनी प्रत्येकी सुमारे ४३७ रुपये कमी पडले.

इथपर्यंतचं नुकसान क्लार्कला दिसतं. पुढचं दिसत नाही. ईएसआयसीचा, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचा, वर्गणीचा काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि त्यावर मिळणाऱ्या लाभाचा काळ पुढचा जानेवारी ते जून. आजारपणात पगाराच्या ७० टक्के रोख मिळते, ९१ दिवसांपर्यंत, पण त्यासाठी वर्गणीच्या सहामाहीत किमान ७८ दिवस भरलेले असावे लागतात. आधीपासून ईएसआयसीत असलेला एखादा माणूस जूनच्या सुरुवातीला कामावर आला आणि सप्टेंबरअखेर चार महिने राबला, तर त्याचे १०४ दिवस झाले. कागदावर चार गुणिले १९, म्हणजे ७६. दोन दिवस कमी. फेब्रुवारीत त्याला कावीळ होते, महिनाभर झोपून राहावं लागतं, आणि शाखा कार्यालयातल्या खिडकीवर उत्तर मिळतं: बसत नाही.

हे दोन दिवस कुणी ठरवून कापलेले नसतात. ठेकेदाराला फक्त ३,६४० हवे होते. जूनमध्ये १९ हा आकडा टाइप करणाऱ्याला फेब्रुवारीतली खिडकी दिसत नाही, आणि खिडकीवर उभ्या असलेल्याला जूनमधला आकडा दिसत नाही. मधल्या आठ महिन्यांत अन्यायाचा चेहरा पुसला जातो. म्हणूनच सरळमार्गी माणसंही हा रकाना वर्षानुवर्षं भरतात आणि त्यांना रात्री झोप लागते.

दुसरी युक्ती एवढी हुशार नाही, नुसती निगरगट्ट आहे. पगार पूर्ण दरानं बँकेत जमा होतो, पण एटीएम कार्ड ठेकेदाराकडे. खातं उघडतानाच कार्डाचं पाकीट त्याच्या माणसानं घेतलेलं असतं. रबर लावलेली पन्नासेक कार्डांची गड्डी, प्रत्येकावर चिकटपट्टी आणि पट्टीवर बॉलपेननं लिहिलेला पिन. सात तारखेनंतरच्या एखाद्या रात्री एकच माणूस मशिनीपाशी उभा राहतो आणि एकेक कार्ड घालत जातो. मग कामगारांच्या हातात रोख मिळते, ठरलेली. गिरण्यांच्या काळात जॉबर, म्हणजे कामगार भरती करणारा मुकादम, नोकरी लावायला आणि टिकवायला दस्तुरी, म्हणजे आपला हप्ता, घ्यायचा. तीच दस्तुरी आता चिप लावून आली आहे. तिसरा प्रकार एका ओळीत संपतो: मालकाच्या वाट्याचा पीएफही कामगाराच्याच पगारातून कापायचा आणि त्याला सांगायचं, 'सरकार कापतं.' कायद्यानं ही कपात सरळसरळ बेकायदा आहे.

हे दिसल्यावर तक्रार करावी, इतकं सोपं असतं तर लेख इथेच संपला असता.

ओव्हरटाइमचं घ्या. महिना १५,६०० रुपये मूळ पगार आणि महागाई भत्ता. भागिले २६, भागिले ८, म्हणजे तासाला ७५. जादा तासाला दुप्पट दर, म्हणजे १५०. चाळीस तास केले तर ६,००० व्हायला हवेत. कच्च्या वहीत लिहिले जातात एकेरी दरानं ३,००० आणि पक्क्या पगारपत्रकात ते 'प्रॉडक्शन इन्सेंटिव्ह' म्हणून येतात. ओटी हा शब्दच कागदावर नको असतो, कारण एकदा तो आला की दुप्पट दर येतो आणि तिमाहीत किती तास चालतात ती मर्यादाही येते. समजा, कुणी भल्या माणसानं तक्रार केली. कंपनी काय करते? ओटी बंद करते. कायदा पाळला, विषय संपला. चाकणजवळच्या म्हाळुंग्यात नाहीतर खराबवाडीत एका खोलीत पाच जण राहणारी ती पोरं, ज्यांचं खोलीभाडं आणि घरी पाठवायचे पैसे याच ३,००० वर चालतात, ती त्या भल्या माणसाकडे येतात आणि विचारतात, 'साहेब, आमच्या पोटावर का पाय दिलात?'

त्यांचं चुकत नाही. ज्याचे पैसे बुडतात त्यालाच तक्रारीची किंमतही आधी मोजावी लागते, त्यामुळे त्याला न विचारता त्याच्या वतीनं शूर होणं हा दुसऱ्याच्या खिशातून केलेला दानधर्म आहे. पगाराच्या बाबतीत म्हणून आधी विचारावं. कॅन्टीनमध्ये नाही, कारण तिथे भिंतींना ठेकेदाराचे कान असतात. बसस्टॉपवर, रूमवर. आणि विचारताना 'तक्रार करायची का?' असं विचारू नये. त्याला नेहमी 'नको' हेच उत्तर येतं. 'तुझे महिन्याचे ३,६४० जातात हे तुला माहीत आहे का?' असं विचारावं. आकडा कळल्यावर माणूस स्वतः हिशोब करतो, आणि मग थांबायचं की बोलायचं हे त्याचं त्यानं ठरवलेलं असतं.

मशीनच्या बाबतीत मात्र विचारत बसू नये. पत्र्याला आकार देणाऱ्या पॉवर प्रेसला दोन बटणं असतात, एकमेकांपासून लांब, आणि दोन्ही एकदम दाबल्याशिवाय रॅम, म्हणजे वरचा दट्ट्या, खाली येत नाही. दोन्ही हात बटणांवर असले की डायमध्ये, म्हणजे खालच्या साच्यात, हात असूच शकत नाही, एवढी साधी युक्ती. टार्गेट वाढलं की यातलं एक बटण दाबलेल्या स्थितीत पक्कं केलं जातं: काळी इन्सुलेशन टेप, नाहीतर फटीत ठोकलेली पट्टी. मग ऑपरेटर एका हातानं पीस घालतो, दुसऱ्या हातानं स्ट्रोक मारतो आणि प्रत्येक पिसामागे सेकंद-दीड सेकंद वाचतो. शिफ्टला हजार पीस असतील तर हिशोब करा, हे का चालतं ते कळेल. ऑपरेटरलाही ते हवं असतं, इन्सेंटिव्ह त्यावरच असतो. पण टेपची आजची संमती उद्याच्या पोराची नसते. उद्या त्या मशीनवर दुसराच येणार, कदाचित कालच गावाहून आलेला.

बोट गेलं की कायद्याच्या परिशिष्टात त्याचा दर ठरलेला आहे. तर्जनी पूर्ण गेली तर कमाईची क्षमता १४ टक्के गेली असं धरतात. दोन पेरं गेली तर ११, एक पेर ९, हाडाला धक्का न लागता नुसतं टोक छाटलं गेलं तर ५. मधल्या काळात काम बंद असताना ईएसआयसी सरासरी मजुरीच्या ९० टक्के देते. हे सगळं मिळण्यासाठी एकच गोष्ट लागते: अपघात कामावर झाला असं कागदावर असणं. म्हणून अ‍ॅम्ब्युलन्स गेटबाहेर पडायच्या आत दोन गोष्टी घडतात. टेप निघते, आणि कुणीतरी म्हणतं, 'रूमवर बाथरूममध्ये पडला असं लिहू.' ओळखीच्या खाजगी दवाखान्यात टाके घालतात, बिल कंपनी देते, वर दोन-पाच हजार हातावर ठेवते आणि उपकार केल्यासारखं वागते.

अपघाताचा रिपोर्ट लिहिणाऱ्या सुपरवायझरवर इथे दोन प्रकारचा दबाव येतो, आणि त्यांतला फरक त्याला माहीत असला पाहिजे. 'कामगाराचा निष्काळजीपणा' असं लिहिलं तर ते खोटं असेल, अन्यायाचं असेल, पण कामगाराचा ईएसआयसीचा लाभ त्यानं सहसा बुडत नाही. मालकाचंच काम करताना नियम मोडला गेला असेल तरी ती कामावरची इजाच धरली जाते. 'बाथरूममध्ये पडला' असं लिहिलं की मात्र सगळंच गेलं. दबावाखाली माणूस कधी तरी वाकतो. वाकायचंच झालं तर कुठे वाकल्यानं समोरच्याचा संसार मोडतो, एवढं तरी ठाऊक असावं. आणि वाकायचं नसेल तर रिपोर्टात मतं लिहू नयेत. मशीन क्रमांक, शिफ्ट, वेळ, डाव्या बटणावर टेप, टेपचा फोटो. 'सुरक्षेकडे दुर्लक्ष झाले' हे वाक्य खोडायला कुणालाही पाच सेकंद पुरतात. 'सकाळी ६.४० वाजता डावे बटण टेपने दाबलेले होते' हे खोडायला समोरच्याला वेगळी खोटी गोष्ट रचावी लागते.

दुर्दैवानं, या सुपरवायझरला कायद्याचं छत्र त्याच्या हाताखालच्या हेल्परपेक्षा तोकडं आहे. देखरेखीचं काम करणारा माणूस ठरावीक पगाराच्या वर गेला की 'कामगार' या व्याख्येत बसत नाही. नव्या औद्योगिक संबंध संहितेत ही रेषा महिना १८,००० रुपयांवर आहे. म्हणजे साक्ष देऊ शकेल असा माणूस बढती मिळताच उघड्यावर येतो. कारकुनी काम करणारा क्लार्क मात्र व्याख्येच्या आत राहतो. महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथांच्या कायद्यात मालकाविरुद्ध साक्ष दिली म्हणून काढून टाकणं, बनाव रचून बदली करणं, ही सगळी वर्तनं नावानिशी लिहिलेली आहेत. तक्रारीची मुदत ९० दिवस. हे दिवस बहुतेकांचे 'बघू, साहेब बोलावतील' यातच जातात.

गुप्ततेचंही नीट समजून घ्यायला हवं. तपासणी अधिकाऱ्यानं तक्रारदाराचं नाव फोडू नये, हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या ज्या करारात आहे तो भारतानं १९४९ मध्येच मान्य केला. पण चाळीस माणसांच्या युनिटमध्ये नावाची गरज कुणाला असते? अर्जात 'मे ते ऑगस्टचे मस्टर तपासावे' असं आलं की मस्टर हाताळणारे दोघंच, आणि त्यातला एक मालकाचा भाचा. व्हिसलब्लोअर, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्याच्या संरक्षणाचा, कायदा म्हणून ज्याचं नाव सगळे घेतात तो २०१४ चा कायदा सार्वजनिक सेवकांच्या गैरव्यवहाराबद्दल आहे, आणि तो अंमलातही आणला गेलेला नाही. कंपनी कायद्यातली तक्रार-व्यवस्था शेअर बाजारात नोंदलेल्या आणि मोठं कर्ज किंवा ठेवी घेतलेल्या कंपन्यांना बंधनकारक आहे. भोसरीतल्या शेडला ती लागू नाही. म्हणून तक्रारीची भाषा अशी असावी की ती अडतिसांतला कुणीही करू शकला असता. सगळ्यांनाच दिसणाऱ्या गोष्टी लिहाव्यात: सुटायची वेळ, हातात आलेली रक्कम, न मिळालेली पे स्लिप. एक्सेलमध्येच दिसणारी गोष्ट लिहिली की लिहिणाऱ्याची सही आपोआप होते.

एक्सेलवरून आठवलं. अशा वेळी क्लार्कच्या मनात पहिला विचार येतो तो पेनड्राइव्हचा. सगळं पगारपत्रक उचलून न्यावं. नको. त्यात अडतीस जणांचे आधार क्रमांक आणि बँक खाती असतात. ज्यांना वाचवायला निघालो त्यांचीच माहिती बाहेर गेली, आणि मालकाला चोरीची फिर्याद करायला आयतं निमित्त मिळालं. त्यापेक्षा तोंडी हुकूम लेखी करून घेण्याची जुनी कारकुनी रीत बरी. साहेबांनी दुपारी केबिनमध्ये सांगितलं, तर संध्याकाळी मेल: 'आपण सांगितल्याप्रमाणे जूनचे दिवस १९ धरत आहे, प्रत्यक्ष पंचिंग २६ आहे, कृपया खात्री करावी.' शिव्या नाहीत, आरोप नाही. कित्येकदा एवढ्यानंच तो महिना सरळ भरला जातो, कारण 'हो' असं लेखी उत्तर द्यायची कुणाची तयारी नसते. यातही खाच आहे. उत्तर आलं नाही आणि तरी तुम्ही १९ भरले, तर तोच मेल 'याला माहीत होतं' याचा पुरावा ठरतो. असा मेल टाकला की परतीची वाट बंद, हे समजूनच टाकावा.

मुंबईत १८८४ साली गिरणी कामगारांचं एक निवेदन तयार झालं. साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, इजा झाली तर भरपाई, अशा मागण्या त्यात होत्या, आणि एक अशीही की पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. आज ७ तारीख कायद्यात आहे. सात वाजता भोंगा वाजावा तितकी ती आपल्याला नैसर्गिक वाटते. हे सगळं उभं करणारे नारायण मेघाजी लोखंडे साच्यावरचे कामगार नव्हते. रेल्वे आणि पोस्टात नोकरी करून पुढे ते काही काळ गिरणीत स्टोअरकीपर होते. माल आत येतो किती, बाहेर जातो किती, हे वहीत लिहिणारा माणूस. १० जून १८९० पासून रविवार सुट्टीचा झाला. लोखंड्यांकडे वही होती, पण निवेदनावर सह्या त्यांनी कामगारांच्याच घेतल्या.

कायम कामगारांबद्दलही थोडं बोललं पाहिजे, कारण ते आणि कंत्राटी पोरं एकाच लाइनवर, तीच गन, तोच टॉर्क घेऊन उभे असतात आणि पगारात दुपटीहून जास्त फरक असतो. दर तीन-चार वर्षांनी युनियनचा करार होतो, पेढे वाटले जातात, आणि कराराचा काही भार शेजारच्या निळ्या शर्टातल्या पोराच्या स्वस्तपणावर टाकलेला असतो हे करारावर सही करणाऱ्या सगळ्यांना कळतं. दिवाळीला याला बोनस आणि मिठाईचा मोठा बॉक्स, त्याला सोनपापडीचा डबा. युनियननं कंत्राटी पोरांना सभासद करून घ्यावं असं म्हणणं सोपं आहे. सभासद झालेल्या पोरांना ठेकेदार सोमवारी गेटवरच थांबवतो आणि युनियनकडे त्यावर द्यायला उत्तर नसतं, हेही तितकंच खरं. निदान बदलीच्या रिंगणात कुणाला ब्रेक दिला, किती दिवसांनी परत घेतलं, याची तारखांसकट नोंद कायम कामगार ठेवू शकतो. त्याला घरी बसवणं सोपं नसतं. सलग नोकरी ठरवणाऱ्या २४० दिवसांच्या हिशोबात अशी वही कोर्टात उपयोगी पडते.

सगळ्यांत कमी धोक्याचं आणि सगळ्यांत कमी केलं जाणारं काम मात्र तीन शब्दांचं आहे: 'तुझं पासबुक उघड.' पीएफचं पासबुक कामगाराच्या स्वतःच्या मालकीचं. ते बघायला कुणाची परवानगी लागत नाही, कुठलं रजिस्टर फोडावं लागत नाही. महिन्याचा पगार किती दाखवला, त्याच्याकडून किती कापले, मालकानं किती भरले आणि त्यातले पेन्शनला किती गेले, सगळं महिनावार येतं. कापलेले पैसे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात. कापून भरलेच नसतील तर तो विश्वासानं सोपवलेल्या पैशांच्या अपहाराचा, अमानतीत खयानतीचा, गुन्हा होतो. त्यासाठी क्लार्कनं काहीही फोडलेलं नसतं. एक मोबाइल, सरकारचं उमंग अ‍ॅप, यूएएन हा पीएफ खात्याचा क्रमांक आणि पाच मिनिटं.

मग बसस्टॉपवर तो पोरगा मोबाइल काढतो. यूएएन टाकतो, पासवर्ड माहीत नसतो, नवा करायला जातो. स्क्रीनवर येतं: ओटीपी पाठवला आहे. तो मोबाइलकडे बघत राहतो. मिनिट जातं. काहीच येत नाही. खाली शेवटचे चार आकडे दिसतात, ते त्याच्या नंबरचे नसतात.

दोन किलोमीटरवर, ठेकेदाराच्या सुपरवायझरच्या खिशात फोन वाजतो.